छापा, काटा आणि मधला कोन

प्रेसवर नव्याने उभ्या राहिलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट बजावली जाते. वरचा पंच आणि खालची डाय एकमेकांसमोर नीट बसल्याची खात्री झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. जळगावच्या एमआयडीसीत माझी सगळी नोकरी प्रेस टूलवर झाली. यावलहून भुसावळमार्गे एस.टी.ने जायचं आणि तसंच परत यायचं. वॉशर, ब्रॅकेट, शिक्का मारलेली झाकणं असा माल निघायचा. साध्या गोल वॉशरची डाय थोडी फिरली तरी कुणाला पत्ता लागत नाही. पण त्याच गोल चकतीच्या दोन्ही अंगांवर काही छापायचं असेल, तर एका बाजूच्या माथ्याचा दुसऱ्या बाजूच्या माथ्याशी काय कोन आहे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. नाणं ही अशीच दोन्ही अंगांनी छापलेली चकती आहे. मी नाण्यांकडे वळलो तो संग्राहक म्हणून नव्हे, फिटर म्हणून.

टांकसाळीत कोरी चकती एका कड्यात येऊन बसते. त्या कड्याला कॉलर म्हणतात. खालून एक ठसा, वरून दुसरा, आणि एकाच दाबात छापा, काटा आणि कड तिन्ही तयार होतात. आधुनिक प्रेस मिनिटाला अशी शेकडो नाणी मारते. ठसा आपल्या जागी फिरू नये म्हणून त्याच्या दांड्याला सपाट भाग किंवा खाच ठेवतात आणि चावीने किंवा स्क्रूने तो आवळतात. ही चावी झिजली, स्क्रू सैल पडला किंवा बसवतानाच ठसा चुकीच्या तोंडाने बसला, की एक बाजू दुसऱ्या बाजूच्या मानाने फिरते. नक्षी शाबूत असते, अक्षरं स्वच्छ असतात, वजनही बरोबर भरतं. बिघडलेला असतो तो फक्त मधला कोन. म्हणूनच असं नाणं वर्षानुवर्षं हातोहात फिरतं आणि कुणाच्याही ध्यानात येत नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. नाण्याचा छापा, म्हणजे सिंहमुद्रेची बाजू, सरळ धरा. बारा आणि सहाच्या जागी दोन बोटांची चिमटी ठेवा आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. आपल्या प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसायला हवी. आकडा आणि ‘रुपये’ हा शब्द कललेला दिसला तर ठसा फिरलेला आहे.

पण हा नियम सगळ्या जगाला लागू नाही. माझा पुतण्या अमेरिकेहून आला की मुलांसाठी तिकडची सुटी नाणी आणतो. ती अशी उलटली की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. गल्लीतल्या पोरांना वाटलं, घबाड सापडलं. पण अमेरिकेत नाणी तशीच पाडतात. तिथे नाणं वरून खाली उलटायचं, मग दोन्ही बाजू सरळ दिसतात. इंग्लंडची जुनी नाणीसुद्धा एके काळी अशी होती. १८८७ च्या सुमारास तिथली पद्धत बदलली. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की चूक म्हणण्याआधी त्याच देशाची, त्याच मूल्याची आणि त्याच काळातली दोन-चार नाणी शेजारी ठेवून पाहावीत. बाकीची सगळी तशीच असतील तर ती पद्धत असते. एकच वेगळं असेल तर पुढे जायला अर्थ आहे.

आमच्या भागात हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण खानदेशातल्या घरांत जुनी नाणी खूप निघतात. बऱ्हाणपूर इथून लांब नाही, आणि मुघलांच्या काळात तिथे मोठी टांकसाळ होती. चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. देवघरात, धान्याच्या कोठीत, आजीच्या गाठोड्यात चांदीचा रुपया किंवा तांब्याची शिवराई सापडते. पोरं ती घेऊन येतात आणि म्हणतात, “काका, याचा ठसा फिरलाय, बघा.” त्यांना समजावून सांगावं लागतं, की हे नाणं हाताने पाडलेलं आहे. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला, वरचा ठसा कारागिराच्या मुठीत, आणि वरून हातोडा. मूठ दर वेळी जशी पडेल तसा कोन. शिवराईत ‘श्री राजा शिव’ सरळ धरलं तर मागचं ‘छत्रपति’ कोणत्याही दिशेला तोंड करून असू शकतं. तिथे ती चूक नव्हे. तरीसुद्धा अभ्यासक तो कोन लिहून ठेवतात, घड्याळाच्या तासांत: अक्ष बारावर, अक्ष सातवर. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० मध्ये नाणेशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. ज्याला या विषयाची खरी ओढ आहे त्याने तिथला संग्रह एकदा तरी डोळ्यांखालून घालावा.

फैजपूर आमच्याच तालुक्यात. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे इथल्या लेकराबाळांना ठाऊक आहे. त्यामुळे १९३६ साल छापलेला पाव आणा हाती लागला की लोक तो जपून ठेवतात. ते साल भरपूर नाण्यांवर आहे, त्यामुळे बाजारात त्याला फारसा भाव नाही. पण जपायला कारण आहेच, आणि जपणाऱ्याला मी कधी अडवलेलं नाही.

आता मोजण्याकडे येतो. माझं खरं काम तेच, आणि तिथेच सर्वांत जास्त निष्काळजीपणा चालतो. कुणी डोळ्यांनी पाहून ‘नव्वद अंश आहे’ असं ठोकून देतो. प्रत्यक्षात कोनमापक लावला की सत्तर-बहात्तर भरतो.

पाच रुपयांचं जुनं नाणं २३ मिलिमीटर व्यासाचं. त्याचा परीघ साधारण ७२ मिलिमीटर. म्हणजे कडेवर एक अंश फक्त ०.२ मिलिमीटरचा. पाच अंश फिरलेलं असेल तर कडेवरचा फरक जेमतेम एक मिलिमीटर. एवढी बारीक गोष्ट नुसत्या नजरेने सांगता येत नाही, नजर कितीही तयार असली तरी. प्रेस शॉपमध्ये मिलिमीटरच्या दोन शतांशांसाठी माल परत आलेला मी पाहिला आहे. नाण्याला वेगळा न्याय का लावायचा?

मी नाणं पारदर्शक खिडकीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवतो. चौकट चौरस असते, कडा सरळ असतात, आणि त्याच कडा मला आधाररेषा म्हणून उपयोगी पडतात. आधी छापा अगदी सरळ करायचा. इथे उभी रेषा शोधण्यापेक्षा आडवी रेषा शोधलेली बरी. सिंहमुद्रेच्या खालची पट्टी, जिच्यावर धर्मचक्र आहे, ती लांब आणि सरळ असते. ती चौकटीच्या कडेला समांतर आली की छापा सरळ झाला. मग नाणं आत न हलवता चौकट पानासारखी उलटायची. मागच्या बाजूला पाचाचा आकडा वळणदार असल्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. ‘रुपये’ हा शब्द सरळ ओळीत असेल तर त्याची शिरोरेखा धरावी. देवनागरी लिपीने आपल्याला ही आयती पट्टी दिली आहे. रोमन अक्षरांच्या नाण्यांवर संग्राहकाला ती शोधत बसावी लागते. शिरोरेखा आणि चौकटीची आडवी कड यांच्यातला कोन मोजायचा. शाळेच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक पुरतो.

कोनमापकाचा मध्यबिंदू नाण्याच्या मध्यावर बरोबर पडायला हवा. तो अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी २३ मिलिमीटरच्या नाण्यावर अडीच अंशांपर्यंतची चूक येते. म्हणून मी पारदर्शक कागदावर २३, २५, २७ मिलिमीटरची वर्तुळं काढून ठेवली आहेत, मध्यबिंदू आणि अंशांच्या खुणांसकट. वर्तुळ कडेवर बसलं की मध्य आपोआप मिळतो. दुसरी रीत व्हर्नियर कॅलिपरची. पहिल्या बाजूचा माथा चौकटीच्या खिडकीवर बारीक खुणेने पुढे-मागे उतरवायचा, उलटल्यावर दुसऱ्या बाजूच्या माथ्याची खूण करायची आणि दोन खुणांमधलं सरळ अंतर घ्यायचं. २३ मिलिमीटरच्या नाण्यावर ते अंतर ५.९५ मिलिमीटर आलं तर कोन तीस अंश, १६.२६ आलं तर नव्वद. दहावी-अकरावीचं त्रिकोणमितीचं गणित आहे ते, जीवा बरोबर व्यास गुणिले अर्ध्या कोनाचं साइन. दोन वेगळ्या रीतींनी तोच आकडा आला की मनाला समाधान वाटतं.

माझी सर्वांत आवडती तपासणी आणखी सोपी आहे. छापा सरळ ठेवून मागची बाजू किती आणि कोणत्या दिशेला कलली ते लिहायचं. मग उलट करायचं, म्हणजे आकड्याची बाजू सरळ ठेवून उलटायचं आणि सिंहमुद्रा किती आणि कुणीकडे कलली ते पाहायचं. आकडा तोच येतो आणि दिशाही तीच येते. छाप्याकडून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चाळीस अंश असेल, तर मागून पाहतानाही घड्याळाच्याच दिशेने चाळीस. बऱ्याच जणांना वाटतं, दुसऱ्या बाजूने दिशा उलटी व्हायला हवी. कागदाच्या दोन्ही अंगांवर बाण काढून करून पाहा, खात्री पटेल. दोन्ही बाजूंची मोजणी जुळली नाही तर चौकटीत नाणं सरकलंय किंवा उलटताना अक्ष चुकलाय. पुन्हा मोजायचं. आणि शेवटी लिहिताना ‘चाळीस’ एवढंच न लिहिता ‘चाळीस, अधिक-उणे दोन’ असं लिहायचं. आपल्या हत्याराची मर्यादा सांगितलेली असली म्हणजे पुढचा माणूस त्या आकड्यावर भरवसा ठेवू शकतो.

मोबाइलवर फोटो काढून कोन मोजणारे पुष्कळ आहेत. चालतं, पण कॅमेरा तिरका असला तर गोल नाणं लंबगोल होतं आणि कोन खोटा पडतो. झेरॉक्सच्या दुकानातला सपाट स्कॅनर त्याहून कितीतरी बरा. चौकटीची कड काचेच्या कडेला भिडवा, एक स्कॅन घ्या, चौकट उलटा, दुसरा घ्या.

कोपऱ्यांच्या नाण्यांवर काम हलकं होतं. १९९२ पासून निघालेलं दोन रुपयांचं अकरा कोपऱ्यांचं नाणं घ्या. शेजारच्या दोन कोपऱ्यांमध्ये जवळपास ३२.७ अंश असतात. कोपरे मोजले की कोनमापक लावण्याआधीच अंदाज येतो. दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्याबद्दल मात्र एक सावधगिरी सांगतो. त्यातला गाभा आणि बाहेरचं कडं ठोक्याच्या वेळी एकत्रच दाबले जातात आणि नक्षी दोघांवर एकदमच उमटते. त्यामुळे एकाच बाजूला गाभ्यावरची नक्षी आणि कड्यावरची अक्षरं एकमेकांशी तिरकी दिसत असतील, तर ते टांकसाळीचं काम नव्हे. कुणीतरी गाभा काढून पुन्हा बसवलेला आहे. तसंच पूर्ण अर्धा फेरा फिरलेलं नाणं हाती आलं की मी आधी भिंगाखाली कडेच्या आतली घडी पाहतो आणि तराजूवर वजन घेतो. दोन नाणी कोरून एकात एक बसवण्याचं कसब असणारी माणसं आहेत. बारीक सांधा राहतोच.

एका देवस्थानाच्या दानपेटीची मोजणी होते तिथे मी वर्षानुवर्षं बसतो. मंडळी नाण्यांचे ढीग लावतात, मी त्यांच्यातली नाणी उलटून पाहतो. फिरलेलं निघालं तर तेवढेच पैसे पेटीत टाकून ते घेतो. अशाच एका मोजणीत पाच रुपयांची काही नाणी मिळाली, एकाच सालाची, एकाच टांकसाळीची. सगळ्यांवर मागच्या बाजूला कडेपासून आत येणारी एक केसाएवढी रेघ होती. ती चकतीची नव्हे, ठशाची. ठसा तडकला की भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ उठते. रेघ त्याच ठिकाणी असेल तर ठसा तोच. वापराबरोबर भेग वाढत जाते, म्हणून रेघेच्या लांबीवरून कोणतं नाणं आधी पडलं आणि कोणतं नंतर, हे लावता येतं. मी ती तशी लावली आणि प्रत्येकाचा कोन लिहिला. आखूड रेघेच्या नाण्यावर कोन जवळजवळ शून्य. पुढे नऊ, मग सतरा, मग तिसाच्या वर. आणि सर्वांत लांब रेघेच्या नाण्यावर कोन पुन्हा शून्य.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या ओळीत काय घडलं ते मला ठाऊक होतं. मी तेच आयुष्यभर केलं होतं. ठसा सैल पडला होता. ठोक्यागणिक कणाकणाने सरकत होता. मग पाळीवरच्या कुणीतरी ट्रेमधलं नाणं उचलून उलटून पाहिलं, मशीन थांबवलं, ठसा सरळ केला, चावी आवळली आणि पुन्हा काम सुरू केलं. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण त्याने ते केलं याचा पुरावा माझ्या टेबलावर होता. एकटं नाणं यातलं काहीच सांगू शकलं नसतं. त्यावर कोन न मोजता ‘एरर’ एवढंच लिहिलं असतं, तरीही नाही. आणि दुसऱ्या एका खेपेला मिळालेल्या नाण्यांत कोन सगळ्यांचा सारखाच, अठ्ठावीसच्या आसपास, रेघ वाढली तरी तेवढाच. तिथे ठसा सैल नव्हता. बसवतानाच तिरका बसला होता आणि घट्ट आवळला गेला होता. दोन वेगळे आजार, आणि फरक दाखवला तो फक्त मोजलेल्या आकड्यांनी.

एक गोष्ट गोल नाणं कधीच सांगत नाही. फिरला तो वरचा ठसा की खालचा? आपल्याला मिळतो तो दोघांमधला कोन. म्हणून मी वहीत ‘मागची बाजू फिरलेली’ असं लिहीत नाही, ‘दोन्ही बाजूंमधला कोन’ असं लिहितो.

आता पैशांबद्दल, कारण तो विषय टाळणं बरोबर नाही. संग्राहकांमध्ये पंधरा अंशांच्या आतलं फिरणं सहसा विचारात घेत नाहीत. नव्वदच्या पुढे रस वाढतो, एकशे ऐंशीला सर्वांत जास्त. तरी चालू नाण्यांना मिळणारा भाव माफकच असतो. पण मोबाइलवरच्या व्हिडिओंनी घराघरांत भलताच भाव पोचवला आहे. आमच्या ओळखीतल्या एका मावशींना फोन आला, की तुमच्या नाण्याचे लाखो रुपये मिळतील, आधी नोंदणीचे पैसे भरा. केळीच्या पट्टीचे आलेले पैसे त्यांनी भरले. पुन्हा कर म्हणून मागितले, तेही भरले. नंतर फोन बंद. मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा नाणं हातातच होतं. मी मोजलं, सहा अंश. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला मागायचा अधिकारही दिलेला नाही. ही सूचना प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. कष्टाचे पैसे गेलेल्या बाईचा चेहरा पाहिल्यावर नाण्यांच्या भावाबद्दल सैल बोलणाऱ्यांचा राग येतो.

पोरांना मी त्यामुळे भाव शिकवत नाही, वही शिकवतो. मूल्य, साल, टांकसाळीची खूण, कोन, दिशा, ठशावरची भेग किंवा चीर असेल तर तिची जागा. सालाखाली साधारणपणे पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली, तीही अजून डब्यांमध्ये पडून आहेत. ती तर आधी पाहावीत, कारण भंगारात गेली की संपलं. शेजारचा आठवीतला मुलगा आता माझ्यापेक्षा झपाट्याने मोजतो. परवा त्याने कोनमापक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “काय भो काका, तुमचा मध्य सरकला.” नाणं पुन्हा बसवून आम्ही दोघांनी मोजलं.

तुमच्या घरात सुट्या नाण्यांचा डबा असेलच. एखाद्या संध्याकाळी तो पसरा आणि प्रत्येक नाणं उलटून पाहा. फिरलेलं सापडलं तर ते चिंचेने किंवा पावडरने घासू नका, ठशाच्या बारीक खुणा त्याने जातात. कोन दोन्ही बाजूंनी मोजा, दिशेसह लिहा, आणि नाणं त्या चिठ्ठीसकट ठेवा. नोंदणीचे पैसे मागणाऱ्याचा फोन आला तर बंद करा. आणि त्याच सालाचं, त्याच भेगेचं दुसरं नाणं कुणाकडे आहे का, तेवढं मात्र विचारत राहा.